बायकोला रायफल आणि शॉटगन शिकताना मदत: नवऱ्याने काय करावं, काय कोचवर सोडावं?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका क्लबात पन्नास मीटर प्रोन (पोटावर झोपून रायफल) मारतो, हौशी पातळीवर. बायकोला या खेळाची फारशी ओढ नव्हती. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने रायफलच्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, त्यानंतर तिने मनावर घेतलं. आता ती दहा मीटर एअर रायफलचा नियमित सराव करते, आणि शॉटगनचा ट्रॅपही, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडायचा प्रकार, शिकायचा म्हणते.

माझं मत आधीच सांगतो. नवऱ्याने कोच होऊ नये, मदतनीस व्हावं. तिचं सामान नीट बसवून द्यावं, सरावाची सोय करावी, नोंदी ठेवाव्यात. फायरिंग लाइनवर सूचना द्यायचा हक्क एकाच माणसाचा असावा, आणि तो आपला नसावा. क्लबातली बरीच मंडळी मात्र म्हणतात, "घरात शिकवणारा असताना बाहेर पैसे कशाला?"

दोन प्रश्न आहेत. तुमच्या घरी हे कसं जमलं? आणि दुसरा तांत्रिक: ती उजव्या हाताची, पण तिचा डावा डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना तोच पुढाकार घेतो. रायफलला काम भागतंय. शॉटगनला काय करावं?

सातारी_तर्री

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या सौ. या धाग्यावर आल्या तर मला शिकवायला सुरुवात करतील, म्हणून चोरून वाचतोय.

चाफेकळी

मी नवऱ्यामुळेच या खेळात आले, तरी तुमच्या मताशी शंभर टक्के सहमत. दहा मीटरचं लक्ष्य लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं. त्यातला दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पाच किलोच्या आसपासची रायफल धरून साठ गोळ्या, सव्वा तासात. त्यात मागून "खांदा सैल सोड", "घाई करू नकोस" असं आलं की पुढचे चार शॉट गेलेच. तेच वाक्य कोचने म्हटलं तर सूचना वाटते, नवऱ्याने म्हटलं की त्यात मागच्या आठवड्याच्या गॅस सिलिंडरचं भांडणही ऐकू येतं.

आमच्याकडे नियम असा: सराव चालू असताना तो एक शब्द बोलत नाही. मागे खुर्चीत वही घेऊन बसतो. शॉट सुटला की पडद्याकडे न बघता मी सांगायचं, "साडेदहा, दोन वाजता", म्हणजे साडेदहा गुण, घड्याळातल्या दोनच्या दिशेला. मग तो प्रत्यक्ष लागलेला शॉट शेजारी लिहितो. माझा अंदाज आणि खरा शॉट जुळायला लागले तसा माझा स्कोअर सुधारला, कारण चाप सुटताना पुढची रिंग (नळीच्या टोकाची, नेम धरायची) नेमकी कुठे होती हे डोळ्याला कळायला लागलं. कुठलाही कोच रोज एवढा वेळ वही घेऊन बसत नाही. ते घरच्याच माणसाने करावं.

करवीरनगरी

आमच्या कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून आलो. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची जगज्जेती झाली, २०१८ च्या एशियाडला राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. आमच्याकडे पोरगी रेंजवर निघाली तर कोणाला नवल वाटत नाही.

आता मुद्द्याचं. उभ्या पोझिशनमध्ये बायकांना रायफल जड पडते हा गैरसमज काढून टाका. रायफल दंडाच्या जोरावर धरायचीच नसते. पाय खांद्याएवढे, डावं कंबरडं लक्ष्याच्या दिशेने थोडं पुढे, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं आणि त्यावर रायफलचं ओझं सरळ खाली पायात उतरू द्यायचं. कंबरेच्या ठेवणीमुळे कित्येक मुलींना हे पुरुषांपेक्षा लवकर साधतं. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. पुढची रिंग लक्ष्याच्या डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, मागचा पाय किंचित सरकवायचा. हाताने ओढलेली रायफल चाप दाबताना मूळ जागी परत जाते आणि शॉट तिकडेच पडतो.

बाकी घरचं शिक्षण वाईट असं मी म्हणणार नाही. कोच आठवड्यातून दोन दिवस भेटतो. पोझिशन रोज आरशासमोर तपासायला घरचाच माणूस लागतो.

टॉर्क_रेंच

करवीरनगरी, शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. ड्राय फायरिंग म्हणजे गोळी न भरता केलेला सराव, तोच खरा पाया आहे. पण हत्यारागणिक फरक आहे. मॅच एअर रायफलला ड्राय फायरची वेगळी सोय असते, हवा न सोडता चाप चालतो. स्प्रिंगवाली साधी एअरगन मात्र पेलेटशिवाय (एअरगनची शिशाची बारीक गोळी) कधीही सोडू नका. पुढे उशी द्यायला पेलेट नसलं की पिस्टन आदळतो आणि सील खराब होतं. पॉइंट टू-टू (.२२) रायफलमध्येही डमी किंवा रिकामी केस घालूनच, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर बसते. बारा बोअरच्या शॉटगनला स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, मिळतात.

आणि कॉम्प्रेस्ड एअरच्या सिलिंडरवरची तारीख बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि दोनशे बारचा दाब आहे म्हटल्यावर घरीही वापरू नये. सेकंडहँड रायफल घेताना लोक नळी बघतात, सिलिंडरची तारीख बघत नाहीत.

कुडाळकर_आबा

आमच्याकडे ह्यो प्रश्नच वेगळो आसा. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक घरात आहे. काजू-नारळाला माकडं आणि भाताला डुक्कर, दोघांनी पिकाचं वाटोळं केलंय. मी कामानिमित्त बाहेर असलो की बागेत बायकोच असते. तिला बंदूक चालवायला शिकवली तर चालेल काय? ती धीट आहे, गावठी बार तरी काढेल.

निवृत्त_फौजदार

आबा, चालणार नाही. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्यानेच चालवायची. नवरा-बायको असलं तरी शस्त्र कायद्याला त्याचं काही नाही. वहिनींनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा, त्यांच्या नावावर जमीन असेल तर शेतीसंरक्षणाचं कारण त्यांनाही लागू होतं. आणि बार काढून माकडं हाकलणं वेगळं, जनावर मारणं वेगळं. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडू नका.

बाकी सदस्यांसाठी: पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, म्हणजे ४.५ मिमी बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. त्यापुढे सगळ्याला लागतो. क्लबच्या परवान्यावरची हत्यारं सदस्यांना रेंजवर वापरता येतात, म्हणून धागाकर्त्यांनी पत्नीला आधी क्लबचं सदस्यत्व घेऊन द्यावं. घरात वडिलोपार्जित दुनळी आहे म्हणून शेतात नेऊन "एक बार मारून बघ" असला प्रकार नको. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

कुडाळकर_आबा

साहेब, खूप आभार. सातबारा दोघांच्या नावावर आहे. निवडणुकीला ठाण्यात जमा केलेली बंदूक आणायला जाईन तेव्हाच तिच्या अर्जाची चौकशी करतो.

ह्यूस्टनकर

शॉटगनबद्दल लिहितो. माझी बायको इथे टेक्सासात शिकली, आणि सुरुवातीच्याच दिवसांत सोडून देणाऱ्या बायका मी इथे पुष्कळ पाहिल्यात. कारण जवळपास नेहमी एकच: नवऱ्याने स्वतःची बंदूक हातात दिली.

शॉटगनला मागचं साईट नसतं. मागचं साईट म्हणजे तुमचा डोळा. दस्ता मापाचा नसेल तर डोळा चुकीच्या जागी बसतो आणि नेम कितीही धरा, छर्रे भलतीकडेच. पुरुषाच्या मापाचा दस्ता बाईला बहुतेक वेळा लांब होतो. मान उंच असेल तर गाल दस्त्यापर्यंत पोचत नाही, मग ती मान वाकवते आणि धक्का थेट गालफडावर बसतो. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही: दस्त्याचं खालचं टोक छातीत रुततं. त्याचा कोन बदलून घ्यावा लागतो, चांगला बंदूक-कारागीर थोड्या वेळात करून देतो. हे न करता "सवय होईल" म्हणणारा नवरा तिला फक्त घाबरायला शिकवतो. एकदा धक्क्याची भीती बसली की चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात, आणि ती खोड काढायला वर्ष जातं.

हलकी बंदूक द्यायचा मोहही टाळा. बंदूक जितकी हलकी तितका धक्का मोठा. वजनदार बंदूक, हलकं काडतूस. स्पर्धेचं २४ ग्रॅमचं पुरेसं आहे, सरावाला त्याहून कमीचं मिळालं तर उत्तम. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो मिळत असेल तर सुरुवातीला तीच. कानाला प्लग आणि वरून मफ दोन्ही लावा. आवाज कमी झाला की धक्काही कमी वाटतो.

चाफेकळी

ह्यूस्टनकर, छातीत रुतण्याबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या ओळखीतली एकजण काळानिळा खांदा घेऊन घरी यायची आणि सगळे तिला "जरा घट्ट धर" एवढंच सांगायचे.

क्ले_उडवा

मी ट्रॅपवाला. रायफलवाल्या माणसाने बायकोला शॉटगन शिकवू नये, हे ठाम मत. चांगला रायफलवाला जे शिकवेल ते सगळं इथे उलटं पडतं. रायफलला नजर पुढच्या रिंगवर, इथे नजर फक्त क्लेवर (उडवलेली तबकडी), नळीकडे बघितलं की संपलं. तिथे श्वास रोखून स्थिर, इथे हात थांबला की क्ले सुटला. तिथे चाप हळू हळू दाबायचा, इथे दिसला की ओढायचा. ट्रॅपचा क्ले ११० मिमी व्यासाचा, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो, आणि पंधरा यंत्रांपैकी कुठल्या यंत्रातून येणार हे माहीत नसतं. विचार करायला वेळच नाही.

धुळवडीला पळत्या पोरावर पिचकारी मारताना आपण त्याच्या पुढे धार धरतो आणि हात फिरवतच ठेवतो, तसंच. हात थांबवला की धार मागे पडते. नवशिक्यांचे बहुतेक क्ले मागूनच चुकतात.

टॉर्क_रेंच

क्ले_उडवा, इतकं ठाम नका बोलू. हत्यार सुरक्षित हाताळणं, नळीची दिशा, बोट चापाबाहेर, लाइन सोडताना हत्यार रिकामं, शॉटनंतरही गाल दस्त्यावर ठेवणं, हे सगळं दोन्हीकडे सारखंच. रायफलवर वर्षभर काढलेला माणूस शॉटगनच्या रेंजवर पहिल्या दिवशी कोणाच्या जिवाला धोका तरी होत नाही.

क्ले_उडवा

सुरक्षेचं मान्य. नेम धरण्याचं नाही. तेवढं कोचकडे सोडा. सुरुवात ट्रॅपनेच करा, कारण बंदूक आधीच खांद्याला लावून क्ले मागता येतो. स्कीट या शॉटगनच्याच दुसऱ्या प्रकारात दस्ता कमरेपाशी ठेवून थांबावं लागतं, क्ले दिसल्यावर बंदूक वर. नवीन माणसाचा तिथे गोंधळ उडतो.

ह्यूस्टनकर

इथे जरा वेगळं मत. स्कीटला क्लेचा मार्ग ठरलेला असतो, उंच घरातून एक, खालच्या घरातून एक. सात नंबरच्या जागेवर उभं राहिलं तर खालच्या घरातला क्ले जवळजवळ सरळ समोर जातो. बंदूक आधीच खांद्याला लावून नुसता तोच क्ले फोडू द्या. पहिल्या दिवशी तिने चार-पाच फोडले तर ती दुसऱ्या दिवशी येते. स्पर्धेचे नियम नंतर बघता येतील.

क्ले_उडवा

हां, सराव म्हणून सात नंबरचा खालचा क्ले चालेल. पण त्यासाठी स्कीटचं मैदान पाहिजे. एअर रायफलच्या रेंज आता तालुक्याला झाल्या, शॉटगनच्या रेंज देशातच मोजक्या. दिल्लीला तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज, भोपाळ, जयपूर, पतियाळा. पुण्याच्या माणसाने दोघांच्या सुट्ट्या जुळवून चार-पाच दिवसांचं शिबिर करावं, महिन्यातून एक दिवस धावतपळत जाऊन काही होत नाही.

रानजाई

अवांतर: कर्णी सिंग म्हणजे बिकानेरचे महाराज. १९६२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य, पाच ऑलिंपिक. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारीही ट्रॅपची नेमबाज, १९६८ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. घरात शिकवून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी ही जोडी लक्षात घ्यावी.

आणि बायकांना बंदूक झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी: १९९२ ला बार्सिलोनाला स्कीट स्त्री-पुरुष एकत्र होती आणि सुवर्ण चीनच्या झांग शानने नेलं. १९९६ ला स्कीट फक्त पुरुषांची ठेवली, तिला जेतेपद राखायची संधीच मिळाली नाही. मला याचा अजून राग येतो. १९७६ ला माँट्रियलला थ्री पोझिशनमध्ये मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बाशम यांचे गुण सारखे झाले, सुवर्ण बाशमला दिलं गेलं. त्याने राष्ट्रगीताच्या वेळी तिला आपल्या शेजारी वरच्या पायरीवर उभं केलं.

सातारी_तर्री

रानजाई, हे माहीतच नव्हतं. आणि नवरा-बायको दोघे नेमबाज असं कोणी आहे का मोठं?

रानजाई

आहेत की. अमेरिकेचा मॅट एमन्स २००४ ला अथेन्सला थ्री पोझिशनमध्ये आघाडीवर होता, शेवटची गोळी शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारली आणि पदक गेलं. त्या संध्याकाळी चेक नेमबाज कतेरीना कुरकोव्हा त्याची विचारपूस करायला गेली. २००७ ला लग्न. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधलं सगळ्यात पहिलं सुवर्ण तिचं, दहा मीटर एअर रायफल. त्याच ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनमध्ये त्याचं सुवर्ण पुन्हा शेवटच्या गोळीला गेलं, जेमतेम ४.४ गुणांचा शॉट लागला. २०१२ ला लंडनला त्याने कांस्य घेतलं. अशा दिवशी घरी परत आल्यावर त्या गोळीत काय होतं हे न सांगता कळणारं माणूस असणं, हीच मला सगळ्यात मोठी मदत वाटते.

बाण_सुटला

आमच्या घरी उलटं आहे. बायको कॉलेजला एनसीसीतून रायफल शिकली, राज्य पातळीवर खेळली. अंजली भागवतांचीही सुरुवात एनसीसीतूनच झाली, हे ती अभिमानाने सांगते. मी लग्नानंतर तिच्याकडून शिकलो, आणि ती मला छान शिकवते. फरक इतकाच की ती एका दिवशी एकच गोष्ट सांगते. आज फक्त श्वास. शॉट सहाला जाऊ दे, ती श्वासाखेरीज बोलत नाही. म्हणून धागाकर्त्यांच्या मताला माझा विरोध आहे. जोडीदार शिकवू शकतो, फक्त दिसलेली प्रत्येक चूक सांगायची नाही.

डोंगरवाट

सगळ्यांचे आभार. बाण_सुटला, तुमच्या पत्नीला शिकवण्याचं अंग आहे, सगळ्यांना नसतं. मी अजूनही कोचच्या बाजूने, पण "दिवसाला एक गोष्ट" हे घरच्या ड्राय फायरिंगला आजपासून लागू. चाफेकळी, वहीही सुरू करतोय.

डोळ्याचा प्रश्न राहिला. चाचणी करून खात्री केली आहे: दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये लहान फट ठेवायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. दर वेळी फट डाव्या डोळ्यावर येते.

क्ले_उडवा

मग डावा खांदा. शॉटगनला दोन्ही डोळे उघडे पाहिजेत. उजव्या खांद्यावरून मारताना डावा डोळा प्रबळ असेल तर नळी एकीकडे आणि नजर दुसरीकडे जाते, आडवा जाणारा क्ले हमखास चुकतो.

ह्यूस्टनकर

किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा, बंदूक खांद्याला लागल्यावर बाहुलीसमोर येईल एवढाच. अंतराचा अंदाज थोडा जातो, पण खांदा बदलावा लागत नाही.

करवीरनगरी

रायफलला उजवा आणि शॉटगनला डावा असं मात्र करू नका. नवीन माणसाने एकच बाजू धरावी. एअर रायफलला अजून वर्षही झालेलं नसेल तर आत्ताच दोन्ही डावीकडे न्या. नंतर जड जाईल.

डॉ_मैथिली

थोडं वेगळं, पण गरजेचं. पेलेट आणि छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, पेलेट तोंडात धरायचं नाही, रेंजवरचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. बंद रेंजमध्ये हवा खेळती हवी, कोरडा झाडू मारू नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना शिशाचा संपर्क टाळावा, कारण ते बाळापर्यंत पोचतं. गरोदरपणात बारा बोअरचा आवाजही नको, आईने कान झाकले तरी बाळाचे झाकले जात नाहीत. मूल हवं असण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. नवऱ्याने रेंजवर साबण नेला तरी खूप झालं.

डोंगरवाटेची_सोबतीण

नवीन आयडी काढून लिहितेय. ज्या बाईबद्दल इतका काथ्याकूट चाललाय ती मीच.

माझं म्हणणं ऐका. मला शिकवणारा नवरा नको, हे यांना मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण हे नुसते सामान उचलतात असंही नाही. मी शनिवारी सकाळी रेंजवर असते तेव्हा घरचा स्वयंपाक आणि मुलाचा क्लास हे बघतात, म्हणून माझा सराव होतो. इथे सगळ्यांनी खांदे, डोळे, दस्ते यावर लिहिलं, ते उपयोगाचंच आहे. पण माझ्या बरोबरीच्या तिघी मुली सराव सोडून गेल्या त्या वेळ मिळेना म्हणून. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

डोळ्याचं मी ठरवलंय. करवीरनगरी म्हणतात तसं दोन्ही डावीकडे. कालपासून घरी ड्राय फायरिंग डाव्या खांद्यावरून सुरू केलंय, हात थरथरतो पण डोळ्याला एकदम मोकळं वाटतं. फेब्रुवारीत भोपाळला जायचा विचार आहे. आता एक सांगा, क्लबची रायफल डाव्या हाताला चालेल का, की वेगळी घ्यावी लागेल?

टॉर्क_रेंच

वहिनी, आधी क्लबच्या रायफलचं मॉडेल बघा. कित्येक मॅच रायफलींची मूठ डावखुऱ्यांसाठी वेगळी मागवता येते, गालपट्टी दुसऱ्या बाजूला बसते, तेवढ्यावर भागतं. जॅकेट मात्र उजव्याचं चालणार नाही, त्याची बटणं आणि कोपराचे पॅड सगळं बाजूप्रमाणे असतं. ते मापाने शिवून यायला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर याच महिन्यात द्या. आणि माप देताना आत जो स्वेटर घालणार तो घालूनच द्या.